कायमचा पत्ता

मुलुंड,
बुधवार, ता. ३ नोव्हेंबर १९५४

तीर्थस्वरूप भावोजींच्या सेवेशी,
वसुधाचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

आज नळाला पाणी उशिरा आले. शाळेला अजून दिवाळीची सुट्टी आहे. घर आवरले, ह्यांचे दोन सदरे बोहारणीला द्यायला काढले होते ते परत पेटीत ठेवले आणि भात लावला. दुपारी अडीचला पोस्टमन आला. तुमचे पत्र मी जेवून झाल्यावर वाचले, ते बरे झाले.

तुम्ही लिहिता की, ह्यांच्या नावाने गावी एका मोटार कंपनीचे पत्र आले आहे. ह्यांनी गेल्या वर्षी जूनमध्ये राजहंस नावाची मोठी गाडी सांगून अडीच हजार रुपये अनामत भरली, गाडी अजून तयार झालेली नाही, आणि कंपनी आता दुसरा हप्ता मागते आहे. तुम्ही असेही लिहिता की, त्याच जूनमध्ये आईंच्या उजव्या डोळ्यासाठी तुम्ही पैसे मागितले होते, तेव्हा ह्यांनी साठ रुपये पाठवून यापेक्षा जमणार नाही असे कळवले. डोळा गेला. आता तो कशासाठी गेला ते समजले, असे तुमचे म्हणणे.

भावोजी, मला ह्या गाडीतले काहीही माहीत नाही. साठ रुपयांचे मात्र माहीत आहे, कारण त्यातले वीस मी शाळेतल्या कुंदाताईंकडून आणून दिले होते. ह्यांचा पगार तुम्हाला ठाऊक होता. सोळा वर्षे ह्या खोलीत राहिलो. घरात सायकल नव्हती, आणि तुम्ही मोटारीचे विचारता.

ह्यांना जाऊन दहा महिने झाले. तुमच्या पत्रात पहिल्यांदाच माझ्या नावामागे गं. भा. लिहिलेले पाहिले. ते लिहायला दुसरे एखादे पत्र निवडायला हवे होते.

कंपनीचा कागद कृपा करून मला पाठवा. मी चौकशी करते. आईंना माझा नमस्कार सांगा, आणि मी विचारून कळवीपर्यंत त्यांच्यापुढे हा विषय काढू नका.

आपली,
वसुधा


मु. पो. कोळंबखोल, तालुका मालवण,
ता. १२ नोव्हेंबर १९५४

गं. भा. वसुधा हीस आशीर्वाद. वि. वि.

तुझे पत्र पोचले. तू शिक्षकीण, तुझ्या पत्रात चूक काढायला जागा नसते. पण मला शुद्धलेखन नको, उत्तर हवे. कागद सोबत जोडला आहे. वाच.

आईपुढे विषय काढू नका म्हणतेस. अगो, हे पत्र माझ्या हातात पडलेच मुळी शेवटी. पोस्टात कोणाला इंग्रजी येत नाही म्हणून ते मास्तरांकडे गेले. मास्तरांनी ते दुकानाच्या ओट्यावर बसून मोठ्याने वाचले. मी पोचेपर्यंत सगळ्या गावाला पाठ झाले होते की, मधूचा नंबर एकेचाळीस, आत मखमलीची गादी, खिडक्यांना पडदे. आता मी बाजाराला निघालो की, गाडी कशाला जुंपतोस लवू, भावाची मोटर येईल ना, असे पोरेटोरे विचारतात. आईच्या कानावर ते माझ्या आधी गेले. तिसऱ्या दिवशी म्हणाली की, मधूने मला आंधळी केली ती केली, पण खोटे बोलून केली.

तुला माहीत नव्हते म्हणतेस ते मी खरे धरतो. मग त्याने तुलाही फसवले.

आता एक स्पष्ट लिहितो. पौष वद्य पंचमीला त्याचे वर्षश्राद्ध. तुम्हाला मूलबाळ नाही, म्हणजे ते माझ्या हातून व्हायचे. ज्याने आईच्या डोळ्यापेक्षा मोटार मोठी मानली, त्याच्या नावाने मी पान वाढणार नाही. तू गावाला येण्याची खटपट करू नकोस. हे माझे एकट्याचे नव्हे, आईचेही म्हणणे आहे.

लवू गुणाजी परब

वसुधा गो, हेंच्या पत्राखाली चार ओळी मी लिहितंय. तू काय मनाक लावून घेव नको. हेंका राग इलो की लेखणीक धार येता, नांगराक येत नाय. मधूभावजी मोटारीत बसून मिरवणारे नव्हते. गणपतीत इले तरी बैलगाडीतून उतरून चढावर चालत येत, बैल दमले म्हणून. काय ता शोधून काढ. कोकमा पाठवलंय, पोचली काय? — वनमाला


मुलुंड,
रविवार, ता. २८ नोव्हेंबर १९५४

तीर्थस्वरूप भावोजींच्या सेवेशी,
वसुधाचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

तुमचा कागद घेऊन मी कंपनीच्या दुकानात गेले. शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा काढली. दुकान मोठे काचेचे आहे. आत एकही गाडी नाही, फक्त भिंतीवर रंगवलेली चित्रे आहेत. तिथल्या कारकुनाने मला आधी उभेच ठेवले, पण पावती नंबर सांगितल्यावर नोंदवही काढली. तुम्हाला समजावे म्हणून जे पाहिले ते तसेच लिहिते.

एका माणसाच्या नावावर एकच गाडी नोंदायची, असा कंपनीचा नियम आहे. नंबर छत्तीसपासून सेहेचाळीसपर्यंत अकरा नावे एका दिवशी लिहिलेली आहेत, आणि ती सगळी ह्यांच्या पेढीतली. खजिनदार, टायपिस्ट, बिले करणारे, आणि चहा आणणारा भिकू शिपाईसुद्धा. अकराही जणांची अनामत पेढीच्या एकाच चेकने भरलेली आहे. ते पेढीचे मालक चंद्रप्रकाश शेठ ह्यांचे पैसे. शेठना एक गाडी बसायला हवी होती आणि दहा नंबर विकायला. गाड्या कारखान्यातून निघू लागल्या की लोक नंबरासाठी वर पैसे देतात, असे त्या कारकुनाने मला हसत सांगितले. नोकरांनी सह्या द्यायच्या, एवढेच त्यांचे काम. सही देत नाही असे म्हणणाऱ्याची नोकरी राहिली असती का, ते तुम्हीच ठरवा.

मग पत्र गावाला का आले, असे मी विचारले. त्याने ह्यांनी भरलेला फॉर्म दाखवला. बाकी दहा जणांनी सांगितल्याप्रमाणे पेढीचा पत्ता घातला आहे. ह्यांनी ‘कायमचा पत्ता’ ह्या रकान्यात आपल्या गोल अक्षरात मु. पो. कोळंबखोल, तालुका मालवण असे लिहिले आहे. कारकून म्हणाला की, असा एकच शहाणा निघाला. भावोजी, ते सगळीकडे हेच लिहीत. विम्याच्या कागदावर, वाचनालयाच्या कार्डावर, माझ्या शिवणयंत्राच्या हमीपत्रावरसुद्धा. यंत्र बिघडले तर दुरुस्त करणारा माणूस मालवणला जाईल का, असे मी तेव्हा चिडवले होते. ते म्हणाले की, पत्ता विचारलाय तो कायमचा.

ह्यांनी मला हे सांगितले नाही, याचा मला राग आहे. पण तो माझा राग आहे, तो मी त्यांच्यापाशी काढीन. त्यात तुमचा वाटा नाही.

दुसऱ्या दिवशी मी कारखानाही पाहून आले. घाटकोपरला उतरून बसने मरोळच्या बाजूला जावे लागते. तारेचे कुंपण, मोठी पाटी आणि एक पत्र्याची शेड. शेडमध्ये दुधी रंगाची एक लांबलचक गाडी उभी आहे. आत यंत्र नाही. सांगाडा लाकडाचा आहे, वर पत्रा ठोकून रंग दिलेला. बड्या गिऱ्हाइकांना लांबून दाखवायला तिच्यावरचे कापड काढतात. राखणदार धाकू देवगडकडचा आहे. त्याच्या बायकोने पुढच्या झाकणावर सांडगी मिरच्या वाळत घातल्या होत्या. मला पाहून त्याने त्या घाईने गोळा केल्या आणि म्हणाला, “बाई, ही चालत नाही, पण रोज पुसावी लागते.”

ह्याच वस्तूसाठी गावाने माझ्या माणसाला ओट्यावर बसून हसावे, आणि आईंनी त्यांना खोटारडा म्हणावे.

मी दुकानात गेल्याचे पेढीत कळले असावे. काल शेठचा पुतण्या नंदकिशोर घरी आला. वारस म्हणून मी सही करून नंबर एकेचाळीस दुसऱ्याच्या नावावर करून द्यावा, असा कागद आणला होता, आणि पाकिटात शंभर रुपये. मी म्हटले, पैसे नकोत, एक ओळ लिहून द्या की ही अनामत शेठची, मधुकर परबांचे त्यात काही नव्हते. त्यावर तो म्हणाला की असे कोणी लिहून देत नसते, उद्या कंपनीने पाहिले तर अकराही नंबर रद्द होतील. तुमचा नवरा चांगला माणूस होता हे आम्ही सगळीकडे सांगतोच, असेही म्हणाला. सांगतात, लिहीत नाहीत. मी सही केलेली नाही.

आता तुमची खात्री पटली असेल. आईंना हे पत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवावे. वहिनींना सांगा, कोकमे पोचली, छान आहेत.

आपली,
वसुधा


कोळंबखोल,
ता. ८ डिसेंबर १९५४

गं. भा. वसुधा हीस आशीर्वाद. वि. वि.

तुझे पत्र दोनदा वाचले, आईला वाचून दाखवले. ती म्हणाली, बायको नवऱ्याच्या बाजूने लिहिणारच. मला विचारशील तर मला अर्धे पटले. पण लोकांना काय सांगू? तुझे पत्र ओट्यावर वाचू? म्हणतील, भावजयीने रचून पाठवले.

ते राहू दे. आता मी सांगतो ते नीट ऐक. सही करू नकोस. पावती कोणाच्या नावावर आहे? मधूच्या. फॉर्मवर पत्ता कोणाचा आहे? आपल्या घराचा. शेठ कंपनीपुढे जाऊन पैसे माझे असे म्हणू शकत नाही, हे त्याच्या पुतण्यानेच तुला सांगितले. मग तू वारस म्हणून अर्ज कर आणि अनामत परत माग. आईचा डावा डोळाही आता नजर धरत नाही. मिरजेला नेली तर तो वाचेल. चोराच्या घरून आले तर आले. मधूला जिवंत असतानाच ही अक्कल सुचली असती तर उजवा डोळाही राहिला असता.

तू हे केलेस तर वर्षश्राद्ध मी करीन, यथासांग करीन. गावजेवण घालीन.

लवू गुणाजी परब

वसुधा, हेंनी माका खाली लिहूक दोनच बोटा जागा ठेवल्यानी. म्हणून इतक्याच लिहितंय, तुझ्या जिवाक पटात ताच कर. — वनमाला


मुलुंड,
रविवार, ता. १९ डिसेंबर १९५४

तीर्थस्वरूप भावोजींच्या सेवेशी,
वसुधाचा नमस्कार. वि. वि.

तुमच्या पत्राला आठ दिवस उत्तर लिहिले नाही. लिहिली असती ती वाक्ये तुम्हाला लिहिण्यासारखी नव्हती. आज शांतपणे लिहिते आहे, पण राग गेला आहे असे समजू नका.

तुमच्या पहिल्या दोन पत्रांत ह्यांनी पैसे दडवले म्हणून ते पान वाढण्याच्या लायकीचे नव्हते. तिसऱ्या पत्रात मी ते पैसे दडवले तर गावजेवण. म्हणजे जी गोष्ट त्यांनी केली नाही तिची त्यांना शिक्षा, आणि तीच मी त्यांच्या नावाने करावी म्हणून बक्षीस. भावोजी, मी पाचवीच्या वर्गाला शिकवते. इतका उलटा हिशेब माझ्या वर्गातली मुलेही मांडत नाहीत.

ते जिवंत असताना पेढीतल्या एका टाचणीलाही त्यांनी घरी हात लावू दिला नाही. शिसपेन्सिल खिशात राहून आली तर दुसऱ्या दिवशी परत नेत. ते गेल्यावर मी त्यांना चोर करावे असे तुम्हाला कसे सुचले? शेठ लबाड आहे हे मला तुमच्याइतकेच दिसते. तरी ते पैसे आपले होत नाहीत.

डोळ्याचे म्हणाल तर त्याला ह्या पैशांशी बांधू नका. तुम्ही आईंना चैत्रात इकडे आणून सोडा. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी स्वतः त्यांना इस्पितळात घेऊन जाईन, आणि बरे वाटेपर्यंत त्या माझ्याकडे राहतील. खर्च मी पाहीन. हे मी उपकार म्हणून लिहीत नाही. ह्यांनी साठ रुपये पाठवले त्या दिवसापासून हे माझ्या मनात होते.

आता आजचे. सकाळी नऊ वाजता मी घाटकोपरला शेठच्या बंगल्यावर गेले. पुढच्या व्हरांड्यात बाकावर बसले. आधी शेठ पूजेला बसले आहेत असे सांगण्यात आले, मग नाश्ता करताहेत, मग बाहेर गेले आहेत. त्यांच्या चपला माझ्यासमोर होत्या. साडेअकराला शेठच्या पत्नीने पाणी पाठवले. बाराला शेठ स्वतः आले.

परब फार इमानदार होता, असे त्यांनी सुरुवातीलाच म्हटले. मी म्हटले, तेवढेच लिहून हवे आहे. ते हसले. माझ्यासारख्या शिकलेल्या बाईने भलता हट्ट धरू नये, राजहंस बाजारात आली की परबच्या आठवणीसाठी पेढीत त्याचा फोटो लावू, असे म्हणाले. मला त्यांच्या तोंडून तो मोटारीचा शब्द ऐकवेना. मी विचारले की, शेठ, तुम्ही कारखाना पाहिलाय का? त्यांनी पाहिला नव्हता. अकरा गाड्यांची अनामत भरून दीड वर्षात ते एकदाही तिकडे गेले नव्हते. मी त्यांना लाकडाचा सांगाडा सांगितला, यंत्राची रिकामी जागा सांगितली, मिरच्या सांगितल्या. त्यांनी यंत्राचे दोनदा विचारले. नंदकिशोर म्हणाला की, बाईला मोटारीतले काय कळते. मी म्हटले, झाकण उचलून आत पाहिले, आत जमीन दिसली.

शेठ नंदकिशोरला गुजरातीत काही बोलले. मला एवढे कळले की, बाहेर बातमी फुटायच्या आत सगळे नंबर विकून टाकायचे होते, आणि त्यासाठी माझी सही त्यांना आजच हवी होती. मी म्हटले, माझे नाव हवे तर आधी त्या ओळीखाली तुमचे नाव. माझ्या माणसाचे नाव परत मिळायला लाकडी गाडीतली जमीन कामी आली.

कागद सोबत आहे. मजकूर नंदकिशोरने लिहिला आहे, सही शेठची, रेव्हेन्यू तिकिटावर घेतली आहे. त्यात स्वच्छ लिहिले आहे की, नंबर एकेचाळीसची अनामत सर्वस्वी पेढीची, मधुकर गुणाजी परब ह्यांनी त्यात एक पैसा घातला नाही व घेतला नाही. मग मी सही केली. शंभराचे पाकीट बाकावर ठेवून आले.

वर्षश्राद्धाचे तुम्ही ठरवा. मी आता विनंती करणार नाही. पत्राच्या शेवटी लोभ मागायची रीत आहे, ती आज राहू देते. असेल तर मागावा लागणार नाही.

आपली,
वसुधा


कोळंबखोल,
ता. १७ जानेवारी १९५५

वसुधा हीस वनमालाचे आशीर्वाद. वि. वि.

हे पत्र मी एकटीच लिहितंय, तेव्हा जागा भरपूर आहे. पुस्तकातल्या भाषेत लिहून बघते, चुका काढू नको, तू मास्तरीण, माझी चौथी.

गुरुवारी श्राद्ध झाले. ह्यांनीच केले. भटजी आले, पाच माणसे जेवली, पान वाढले. काळ्या वाटाण्याचे सांबारे मी मुद्दाम केले, भावजींना आवडे म्हणून. तुझी जागा मोकळी होती ती सगळ्यांना दिसली.

शेठचा कागद आला त्या दिवशी हे तो घेऊन थेट दुकानावर गेले, आणि मास्तरांना तोच ओटा दाखवून म्हणाले, आता हा वाच, तेवढ्याच मोठ्याने. मास्तर वाचू लागले. सही आली तेव्हा सगळ्यांनी कागद हातोहात फिरवून पाहिली. तिकिटावर मारलेली सही बघून खोताचा म्हातारा म्हणाला, मुंबईचा शेठ लिहून देतो म्हणजे मधू सोन्याचा माणूस. आता गावात तेच चालले आहे. आईंनी कागद मागून घेतला. वाचता येत नाही, दिसतही नाही, पण सही कुठे आहे ती जागा आपले बोट माझ्या हातात देऊन दाखवून घेतली, आणि घडी करून उशाखाली ठेवला. रात्री माका म्हणतात, माझा मधू खोटा नव्हता गो. मी म्हटले, आता तुम्हाला कळले?

ह्यांचे म्हणशील तर, तुला लिहायला बसतात आणि उठतात. पैसे सोडलेस त्याचा राग आहे असे तोंडाने म्हणतात, पण राग तो नव्हे. मला नवऱ्याचा राग ओळखता येतो, इतकी वर्षे त्या रागाला जेवण वाढले आहे. चैत्रात आईंना घेऊन तेच येतील, तेव्हा दारात उभे ठेवून बघ हवे तर.

तुझी,
वनमाला


मुलुंड,
सोमवार, ता. २४ जानेवारी १९५५

तीर्थस्वरूप भावोजींच्या सेवेशी,
वसुधाचा नमस्कार. वि. वि.

वहिनींचे पत्र आले. श्राद्ध केलेत, ते समजले. त्या दिवशी मी शाळेत गेले होते. भागाकार शिकवला.

परवाच्या पेपरात राजहंस कंपनीच्या दुकानाला टाळे लागल्याची बातमी होती. बाहेर अनामतवाल्यांची गर्दी आहे. शेठचे किती नंबर विकले गेले आणि किती बुडाले, ते मी विचारले नाही. पावती ठेवली असती तर आज तिच्यात शेंगदाणे बांधायचे, एवढे तुम्हाला कळावे म्हणून लिहिले.

मला एक गोष्ट तुम्हाला सांगायची आहे, आणि ती एकदाच सांगते. तुम्ही त्यांना पाठीवर घेऊन शाळेत पोचवलेत, असे ते सांगत. त्यांची तीस-पस्तीस वर्षे तुमच्या डोळ्यांसमोर होती. माझे पत्र तुमच्या हातात होते. त्यांपैकी कशालाही तुम्ही मानले नाही. ज्याने अकरा गरीब माणसांच्या नावावर खोटे केले, चपला समोर असताना बाहेर गेलो म्हणून सांगितले, त्या माणसाची तिकिटावरची सही आली, आणि लगेच तुमचा भाऊ तुम्हाला खरा वाटला. गावाचे मी समजू शकते. गावाला मधुकर परब गणपतीत आठ दिवस दिसे. तुमचे मला समजत नाही.

तुम्ही ह्याचे उत्तर लिहू नये. आईंना घेऊन याल तेव्हा दारात उभे ठेवणार नाही, असे वहिनींना सांगा. चहा करीन. खोली लहान आहे, पण आईंची खाट खिडकीपाशी बसते, मी मोजून पाहिले.

आज शाळेत आम्हा सगळ्यांना प्रॉव्हिडंट फंडाचे नवे फॉर्म दिले. दुपारच्या सुट्टीत बाकीच्यांनी तिथेच भरून दिले. मी घरी आणला. नाव, वय, शिक्षण, नोकरीला लागल्याची तारीख, हे सगळे भरून झाले आहे. एक रकाना राहिला आहे. ह्यांच्या हातात हा फॉर्म असता तर त्यांनी तो सर्वांत आधी भरला असता, आणि काय लिहिले असते ते तुम्हाला आणि मला दोघांनाही माहीत आहे.

आता सात वाजले आहेत. हे पत्र पाकिटात घालते, तुमचा पत्ता वर लिहिते. मग दौत पुढे ओढून त्या रकान्यात लिहिते: खोली नंबर नऊ, दुसरा मजला, स्टेशनच्या पूर्वेला, मुलुंड.

वसुधा